प्लंबिंग (किरकोळ)

लातूर, शनिवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी,

धाकटा मेहुणा सुदर्शन याचा लातूरहून दंडवत. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर उज्वला माझ्याशी कामापुरतंच बोलते, घरभर पायाला सिमेंट लागतं, आणि मी हे पत्र उभ्यानं लिहून राहिलोय. (बसून का नाही, ते पुढं येईल. मधूनच वाचू नका, क्रमानं वाचा.) तुमची शुगर कशी आहे? सिंधुअक्काचा गुडघा? इस्लापूरच्या शेतातली हळद शिजवून झाली का? आणि आईचा खुबा? काठी टेकून चालते, का काठी नुसती दुसऱ्याला दाखवण्यापुरती हातात असते?

खिशात फोन असताना हा बाबा पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुमच्या घरी फोन आला की तो आधी स्पीकरवर जातो आणि मग हॅलो म्हटलं जातं. तुमच्या दिवाणखान्यात बोललेलं गोदावरीच्या पलीकडं ऐकू जात असेल, मग आईला का नाही जाणार? आणि ही गोष्ट तिला कळायची नाही. अक्कालाही नाही, कारण अक्काला कळलं की आईला कळलंच. वाचून झालं की पाटबंधारे खात्यातून तुम्ही घरी आणलेल्या त्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत ठेवून द्या. तिकडं कुणी फिरकत नाही.

मुद्दा असा. पुढच्या रविवारी अक्षय तृतीया. त्या आधी लातूरला घरी यायचं म्हणून आईनं पिशवी भरून ठेवली आहे (अक्का सांगत होती, पिशवी उशाला घेऊनच झोपते, कुणी रिकामी करू नये म्हणून). दाजी, तिला येऊ देऊ नका. आईला ठेवून घ्या. निदान पंधरा दिवस तरी ठेवून घ्या. बाथरूम तयार आहे, दिसायला तर लई झकास आहे, आणि त्यात आईला एकटीला पाठवायची माझी छाती होत नाही.

हे लिहिताना जिवाची काय तगमग होतेय ते माझं मला माहीत. तुम्हाला आठवतंच, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या शेवटच्या आंघोळीला आपण गल्लीतून तांब्या-तांब्या पाणी मागून आणलं होतं. आई त्यावर आजवर एक अक्षर बोललेली नाही. पण तेव्हापासून दर अक्षय तृतीयेला अण्णांच्या नावाची घागर ती आपल्या हातानं भरते, आपल्या उंबऱ्याच्या आत मांडते, खाली गहू, वर आंबा, आणि घागर जरा जरी उणी दिसली तर पुन्हा उचलायला लावते. या वर्षी ती घागर नांदेडला भर म्हणून तिला कोण सांगणार? तुम्ही सांगा. तुम्ही जावई आहात, जावयाला ती उलट बोलत नाही. (पाठीमागं बोलते, पण ते तुम्हाला ऐकू येत नाही.)

दुसरी भीती मी तोंडानं कधी बोललो नसतो, कागदावर लिहितो. मागच्या महिन्यात तुम्ही सहज म्हणालात, आईंना आता इथंच राहू द्या की, पाण्याचा सुकाळ आहे, सगळी सोय आहे. तुम्ही प्रेमानं म्हणालात, पण दाजी, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकुलत्या एका पोराला आईपुरतं एक बाथरूम बांधता आलं नाही, म्हणून म्हातारी लेकीच्या दारात राहिली, असं होऊन बसलं तर मी काय करू? तेव्हा ठेवून घ्या म्हणतोय ते पंधरा दिवसच, सोळाव्या दिवशी मी स्वतः न्यायला येणार.

आता हे सगळं झालं कसं. हिमायतनगरच्या लग्नात आई मांडवाच्या पायरीवरून घसरली, नांदेडला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढं उकिडवं बसायचं नाही. आपल्या घरात सगळा कारभार उकिडवा. मी म्हटलं, काळजी नाही, ती परत येईपर्यंत कमोड, गिझर, धरायला दांड्या, सगळं करतो. दाजी, मी जन्मभर कचेरीत बांधकामाची बिलं तपासली आहेत. दुसऱ्याच्या अंदाजपत्रकावर लाल पेनानं शेरे मारण्यात माझा हात कुणी धरला नाही. मग माझं स्वतःचं अंदाजपत्रक कसं असणार? फरशी, कमोड, नळ, गिझर, आरसा, रंग, एकेक बाब सुबक मांडली. आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या तळाला जागा उरली होती म्हणून लिहिलं: प्लंबिंग (किरकोळ). पाइप भिंतीत जाणार, कुणाला दिसणार नाही, त्याला किती लागणार, असा माझा हिशेब.

माणिकप्पा प्लंबरनं तो कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, "सर, हे किरकोळ म्हंजे कोण?" (हा माणिकप्पा उदगीरकडचा. अंगानं आडवा, तोंडानं गोड, आणि मराठीत अडचण झाली की कानडीत शिरतो.) तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. त्यानं भिंतीला पहिला हातोडा मारला आणि आतून अण्णांच्या काळातला लोखंडी पाइप बाहेर आला, म्हणजे त्याचा गंज बाहेर आला, पाइप कधीच संपलेला होता. तो वर गच्चीच्या टाकीपर्यंत तसाच आणि खाली हौदापर्यंत तसाच. सगळं बदलायचं. त्या दिवशी किरकोळ या बाबीनं आरसा खाल्ला. दुसऱ्या दिवशी रंग खाल्ला. उज्वलानं पसंत केलेली फुलांची फरशी गेली, तिच्या जागी दवाखान्यात असते तसली पांढरी आली, आणि तेव्हापासून मी घरात शिरलो की ती "या डॉक्टर" म्हणते.

काम मी आधी रोजावर दिलं होतं. रोजावर दिलं की माणूस घाई करत नाही, काम पक्कं होतं, हे माझं कचेरीतलं ज्ञान. दाजी, माणिकप्पानं घाई केलीच नाही. सकाळी येऊन तो भिंतीकडं बघत बसायचा. मग चहा. मग पट्टीनं माप, मग पुन्हा तेच माप, भिंत रातोरात वाढली असेल म्हणून. लेबर त्याचं, मटेरियल माझं, हा आमचा करार, त्यामुळं भर उन्हात हार्डवेअरच्या दुकानात पळायचं काम माझं. एल्बो आणला की सॉकेट राहिलेला, सॉकेट आणला की तो पाऊण इंची आणि पाहिजे अर्धा इंची. दुकानदार मला आता चहा पाजायला लागला आहे, आणि जो दुकानदार स्वतःहून चहा पाजतो त्यानं आपल्याला किती लुबाडलं असेल ते समजून घ्यावं. वरून या माणिकप्पानं मला न विचारता अंगणात एक जादा नळ काढला. कुणाच्या सांगण्यावरून, म्हणून मी तडकलो, तर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या सर, लागंल." माझ्या पैशाचा पाइप, माझ्या पैशाचा नळ, आणि हा मला म्हणतो लागंल!

पुढं ऐका. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो हे तुम्हा नांदेडकरांना सांगूनही कळायचं नाही. नळ यायला अजून बराच अवकाश आहे असं बघून माणिकप्पानं हौदाकडं जाणारा पाइप कापला, आणि त्याच दुपारी गल्लीत आरोळी उठली, नळ आला! माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि नळाचं बाथरूमच्या खड्ड्यात. रस्त्यावरचा व्हॉल्व्ह अण्णा असल्यापासून कुणी फिरवलेला नाही, तो जागचा हलेना. कापलेलं तोंड बंद करायला बूच पाहिजे, ते यादीत नव्हतं. उज्वलानं स्वयंपाकघरातून गाजर आणलं, माणिकप्पानं ते ठोकून बसवलं, आणि गाजर सुटलं ते थेट माझ्या चष्म्यावर. आठवडाभराचं पाणी, दाजी, डोळ्यांदेखत वाळू-सिमेंट घेऊन बैठकीत चाललेलं. उज्वला पातेली लावतेय, मी पाइपला तळहात लावून पालथा पडलोय, शेजारचे लोक दारात उभे राहून हळहळतायत आणि हळहळता हळहळता स्वतःच्या बादल्या भरून नेतायत. नळ गेल्यावर बैठकीत गाळ आणि हौदात खडखडाट. त्या दिवसापासून उज्वलाचं बोलणं कामापुरतं झालं.

मग माझं डोकं सणकलं. माणिकप्पाला म्हटलं, रोज बंद, आता उरलेलं काम गुत्त्यावर. एकच रक्कम, कधी का संपेना. दाजी, काय जादू झाली! भिंतीकडं बघत बसणारा माणूस वाऱ्यासारखा कामाला लागला. चहा दिला तर म्हणाला, ठेवा तिकडं. मी कचेरीतून यायच्या आत पाइप भिंतीत, भिंतीवर फरशी, फरशीवर पांढरं सिमेंट, सगळं गुळगुळीत. आत काय आहे ते तपासायला मला बोटभर फट ठेवली नाही. जन्मभर मी शेरा मारत आलो, की काम झाकण्यापूर्वी तपासणी व्हावी. स्वतःच्या घरी तपासणी सोडून पेढे वाटले!

उद्घाटन अर्थातच मी केलं. गिझर लावलेला, दार लावलेलं, मन प्रसन्न. सगळं यथासांग झाल्यावर बाजूच्या त्या फवाऱ्याचा खटका दाबला. दाजी, कढत पाणी! चहाला टाकावं असलं कढत! कुठं, ते थोरामोठ्यांना लिहिण्यासारखं नाही, पण मी जी उडी मारली ती आमच्या गल्लीनं ऐकली. नंतर बघतो तर फ्लशच्या टाकीतूनही वाफा, आणि आंघोळीच्या लाल खुणेच्या नळाला गार पाणी. गुत्त्याच्या घाईत पठ्ठ्यानं गिझरची लाइन कमोडकडं नेली आणि गार पाण्याची आंघोळीकडं! कचेरीत मी आता फायली उभ्यानं बघतो, आणि माझी कामाची तळमळ बघून साहेब खूश आहेत.

माणिकप्पाला बोलावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे हात लावून पाहिलं. म्हणतो, लाइन तर दोन्ही चालू हायत सर, नुसती जागाच बदलली. बरं, मग फोड आणि नीट कर. तर काय म्हणावं त्यानं? "गुत्तं संपलं की सर. आता फोडायचं म्हंजे रोज." मी हात टेकले. तसली फरशी दुकानात उरलेली नाही, पैसे उरलेले नाहीत, आणि अक्षय तृतीयेलाच बसव जयंती, माणिकप्पा त्यांच्या मिरवणुकीच्या तयारीत, ती झाल्याशिवाय तो हातोडा धरणार नाही.

तुम्ही म्हणाल, येड्या, गिझरचं बटण बंद ठेव. ठेवलंय की. पण आई बारा महिने कढत पाण्यानं आंघोळ करणारी, तिच्यासाठी तो चालू होणारच, आणि बंद केल्यावरही आतलं पाणी कितीतरी वेळ तापलेलं राहतं. आम्ही रोज लक्ष ठेवू. पण एक दिवस कुणीतरी विसरेल, आणि त्याच दिवशी आत आई असेल. मी उडी मारली, दाजी. तिला उडी मारता येणार नाही. दांडी धरून उठायलाच तिला किती वेळ लागतो ते मी नांदेडला पाहिलंय. या एका विचारानं माझी झोप उडाली आहे. म्हणून पाया पडून सांगतो, आईला ठेवून घ्या. तिला काय कारण सांगायचं ते तुम्ही बघा, पण माझं नाव येऊ देऊ नका.

अक्काला नमस्कार, अनयला आशीर्वाद. आमच्या शुगरची काळजी करू नये, ती आता रक्तदाबानं मागं टाकली आहे.

आपला आज्ञाधारक (आणि उभा),
सुदर्शन

ता. क. (रविवार, अक्षय तृतीया) : पत्र आठवडाभर खिशातच राहिलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. आईला येऊ देऊ नका असं लिहिलेलं पाकीट त्या पेटीत टाकायला हातच उठला नाही. आणि आज सकाळी दारात अनयची गाडी! तुम्ही इस्लापूरला शेताकडं गेलात हे बघून आईनं नातवाला उठवलं आणि निघाली. घरात पाऊल टाकलं आणि म्हणाली, कुठाय रे तुझं बाथरूम? मी आडवा येईपर्यंत काठी टेकत आत, आणि दाराला आतून कडी! सण म्हणून नुकतीच उज्वलाची आंघोळ झालेली, गिझर भरलेला, फुल तापलेला. माझी पाचावर धारण बसली. बाहेरून ओरडतोय, आई, डाव्या खटक्याला हात लावू नको, लाल नळ म्हणजे गार, निळा सोडू नको, आई, काहीच सोडू नको! आतून हूं का चूं नाही. अनय दार तोडायला निघाला. तेवढ्यात आतून आवाज आला तो तांब्या बादलीवर आपटल्याचा. बाहेर आली ती धडधाकट. म्हणाली, "कशाला बोंबलून राहिला रे? म्या तुझ्या एका बी नळाला हात लावला न्हाई. बादली हाय, तांब्या हाय, अजून काय लागतं माणसाला?" दाजी, मी तिथंच भिंतीला टेकलो आणि रडलो, खोटं कशाला बोलू. कमोडची बैठक मात्र तिला पसंत पडली. मग तिनं विचारलं, ते दाबल्यावर पाणी किती जातं? मी सांगितलं. तिनं कमरेच्या पिशवीतून चिंधी काढली आणि फ्लशचं बटण करकचून बांधून टाकलं. त्याला आता कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे.

ता. क. दुसरा (त्याच दुपारी) : घागर भरली. अंगणातला तो जादा नळ, ज्याच्यावरून मी माणिकप्पाला नाही नाही ते बोललो, तो आईनं त्याला फोनवर सांगून काढायला लावला होता. (दोघांचं महिनाभर बोलणं चालू होतं. दोघं कानडीत बोलतात, आईचं माहेर उदगीरचं. माझ्या उडीचीही हकीगत तिला त्याच दिवशी पोचली होती.) अण्णांची घागर यंदा घरच्या वाहत्या नळाखाली भरायची, मागितलेल्या तांब्यानं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. घागर काठोकाठ झाली, पाणी वरून सांडायला लागलं, जास्वंदीपर्यंत ओघळ गेला. मी नळ बंद करायला वाकलो, तर जिनं सकाळी फ्लशला चिंधी बांधली तिनं माझा हात धरला. म्हणाली, "वाहू दे. आज वाहू दे." उज्वलानं मला टॉवेल आणून दिला आणि आपणहून विचारलं, चहा टाकू का?

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा (सोमवार) : मिरवणूक आटोपून माणिकप्पा सकाळीच हजर झाला. गरम-गारची जागा बदलायचं आईनं त्याला सांगितलं, आणि कसं सांगितलं? रोजावर! घाई कशाला, निवांत कर, म्हणाली. आता दोघं अंगणात बसली आहेत, तो भिंतीकडं बघतोय, ती त्याला उदगीरच्या लोकांची चौकशी विचारतेय, चहा झाला, दुसरा चढवलाय. बाथरूमला बाहेरून कुलूप, आईची बादली-तांब्याची सोय शेजारच्या काकूंकडं झाली आहे, आणि माझ्या सोयीचं विचारलं तर काकूंनी मला ओळखसुद्धा दाखवली नाही. तरी दाजी, वरच्या पत्रात एवढीच दुरुस्ती करून घ्यावी: जिथं जिथं "आईला ठेवून घ्या" असं लिहिलं आहे, तिथं तिथं "सुदर्शनला ठेवून घ्या" असं वाचावं. जेवणाखाण्याचं काही नाही. अनय परत निघतोय, हे पत्र घेऊन मीच त्याच्या गाडीत बसतो आहे.